गोल झाल्यावर हात वर

डेक्लनकाका आम्हाला आधी ऐकू आले आणि मग दिसले. ओहायोतल्या डब्लिनमध्ये आम्ही भाड्याने घेतलेलं घर जोडघर होतं. मधली भिंत एक, मागचं अंगण एक, फक्त गॅरेजची दारं दोन. सांगलीहून येऊन आठवडाही झाला नसेल. आई बॅगेतून कुकर बाहेर काढत होती आणि पलीकडच्या गॅरेजच्या दारावर काहीतरी आदळायला लागलं. धप्. जरा थांबून पुन्हा धप्. आई म्हणाली, "कपडे आपटतायत की काय?" मी खिडकीतून पाहिलं. एक उंच, पांढऱ्या केसांचा माणूस, पायात घरातल्या सपाता, फुटबॉल डोक्याने दारावर मारत होता. चेंडू परत आला की पुन्हा कपाळ पुढे. हात दोन्ही मागे बांधलेले. चेहरा अगदी शांत, जपाला बसल्यासारखा. आता माझ्या मुलाच्या टीममध्ये लहान मुलांना डोक्याने चेंडू मारूच देत नाहीत, आणि का देत नाहीत ते मला माहीत आहे. तेव्हा मात्र तो आवाज मला आवडायला लागला. पुढची तीन वर्षं आमच्या घरात दुपारचे चार वाजले हे घड्याळाने नाही, त्या धप्‌धप्‌ने कळायचं.

त्या गावाची गंमत अशी की नाव डब्लिन, पाट्या हिरव्या, कचऱ्याच्या डब्यांवरसुद्धा तीन पाकळ्यांचं आयरिश पान, उन्हाळ्यात आयरिश नाचगाण्याची मोठी जत्रा, आणि आमच्या गल्लीत खरा आयर्लंडमध्ये जन्मलेला माणूस एकच, डेक्लनकाका. ते जत्रेला कधी जायचे नाहीत. "तिथे सगळे बिअर पिऊन मला आयरिशपणा शिकवतात," असं ते म्हणायचे. ते स्वतः दारूला शिवत नसत. लहानपणी चर्चमध्ये शपथ घेतली होती, ती पाळली होती, इतकंच. बाबांनी एकदा अंगणात ग्रिल लावलं तेव्हा त्यांच्यासाठी मुद्दाम बिअर आणून ठेवली होती. काकांनी ती हसून परत केली आणि आईकडे चहा मागितला. आल्याचा, साखर भरपूर. हे बाबांच्या समोर घडलं होतं. हे मी आत्ताच लिहून ठेवते, कारण पुढे लागणार आहे.

आईने त्यांना काका केलं आणि त्यांच्या बायकोला, पॅटला, मावशी. "नावाने हाक मारतात का मोठ्या माणसांना?" एवढाच तिचा मुद्दा. पॅटमावशी ओहायोचीच, शाळेच्या कँटीनमध्ये कामाला, आवाज खणखणीत. तिनेच आईला गाडी चालवायला शिकवली. आईने तिला थालीपीठ शिकवलं, ते ती लोण्याबरोबर स्ट्रॉबेरीचा जॅम लावून खायची आणि आई तोंड दुसरीकडे फिरवायची. काका जेवणाच्या वेळेला बरोबर मागच्या दाराशी येत. आमच्या कुकरची शिट्टी झाली की ते भिंतीपलीकडून ओरडायचे, "ऑफसाइड!" आई आतून म्हणायची, "आला बघ रेफरी." मग वरणभात, वर तूप, आणि त्यांच्या ताटात टोमॅटो केचप, ज्याबद्दल आईने कधी एक शब्द काढला नाही. मी मात्र ते बघून एकदा "ईऽ" केलं तर आईने टेबलाखालून मला पाय मारला.

मोठ्यांना बोलायचं नाही हे आमच्याकडे पहिल्यापासून होतंच. त्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे पडले आणि त्याला आणखी एक नियम येऊन चिकटला. बाबांना ऑफिसात कुणी काही बोललं नव्हतं, पण एका संध्याकाळी त्यांनी बूट काढता काढता सांगितलं, "दुकानात, पार्किंगमध्ये मराठीत मोठ्याने बोलायचं नाही. मोठ्याने बोलायचंच नाही. आपण इथे पाहुणे आहोत. आपलं काम बरं, आपण बरं." बाबांचा व्हिसा कंपनीच्या हातात होता, आमचा बाबांच्या हातात. त्या वर्षी नोकऱ्या गेल्याने आजूबाजूची मराठी घरं एकेक करून रिकामी होत होती. कालपर्यंत गणपतीची आरती म्हणणारं कुटुंब आज सोफा विकायला काढायचं. आम्ही हळू बोलायला शिकलो. मला तर ते इतकं जमलं की शाळेत बाईंना वाटलं या मुलीला इंग्रजी येत नाही.

आणि अशा मुलीला डेक्लनकाकांनी डिफेन्समध्ये उभं केलं. ते आमच्या भागातल्या मुलींच्या सॉकर टीमचे कोच होते. मी सांगलीत खोखो खेळलेली, पाय बरे होते. पॅटमावशीने आईला पटवलं. पहिल्या दिवशी काकांनी मला मैदानाच्या एका टोकाला नेलं आणि विचारलं (त्यांचं इंग्रजी मी मराठीत लिहितेय, त्यातली चाल मला जमणार नाही), "मीन, तुला ओरडता येतं का?" मीनलचं त्यांनी पहिल्याच दिवशी मीन केलं होतं. मी मान हलवली, नाही. "मग तू डिफेंडर नाहीस. डिफेंडरला सगळं मैदान समोर दिसतं. पुढच्या मुलीच्या पायात चेंडू असतो, तिला मागून कोण येतंय ते दिसत नाही. तुला दिसतं. तू सांगितलं नाहीस तर कोण सांगणार?" पहिल्या दोन सामन्यांत माझ्या घशातून आवाज निघाला नाही. तिसऱ्यात केल्सी, आमची गोलकीपर, चेंडू हातात घ्यायला पुढे आली आणि तिच्या पाठीमागून एक धिप्पाड मुलगी धावत येताना मला दिसली. घाबरून मी ओरडले ते मराठीत. "मागे! मागे!" केल्सीला अर्थ कळायचं कारण नव्हतं, पण आवाजातली भीती कळली असावी. तिने वळून चेंडू लाथाडला. सामना संपल्यावर काका म्हणाले, "काय तो शब्द? छोटा आहे, छान आहे. हाच ठेवू." त्या दिवसापासून ओहायोतल्या सोनेरी केसांच्या मुली एकमेकींवर "मागे" म्हणून खेकसू लागल्या. बाबा एकदा सामना बघायला आले आणि ते ऐकून त्यांनी आजूबाजूला पाहिलं, कुणी आपल्याकडे बघतंय का.

काकांची स्वतःची कारकीर्द आम्हाला जेवणाच्या टेबलावर तुकड्यातुकड्याने कळली. कॉर्कजवळच्या एका मासेमारीच्या गावातला मुलगा. पंधराव्या वर्षी बोटीने इंग्लंडला, एका क्लबात उमेदवार म्हणून. उमेदवार म्हणजे सकाळी सराव आणि दुपारी मोठ्या खेळाडूंचे बूट घासायचे, त्यांच्या अंघोळीचा हौद धुवायचा. उत्तरेतल्या गिरणीच्या गावांमधून ते दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाच्या क्लबांसाठी खेळले, कायम सेंटर हाफ, म्हणजे बचावाच्या अगदी मधोमध. पावसात चेंडूचं चामडं पाणी प्यायचं आणि विटेसारखं जड व्हायचं. त्याच्या शिवणीवरच्या दोऱ्याने एकदा कपाळ फाटलं होतं, तो वण ते आईला दाखवायचे आणि आई दर वेळी म्हणायची, "अगं बाई." कारकीर्द उतरणीला लागल्यावर अमेरिकेतल्या एका लीगने बोलावलं. ती लीग थोड्याच वर्षांत बुडाली, पण तोवर पॅट भेटली होती. मग लोकांच्या तळघरांतल्या, घर तापवायच्या भट्ट्या बसवायचं, दुरुस्त करायचं काम, आणि संध्याकाळी मुलींची टीम. "लोकांना थंडीत ऊब दिली आणि मुलींना राग दिला," असं ते हसत म्हणायचे.

देशासाठी ते एकच सामना खेळले. ती गोष्ट त्यांनी आम्हाला किती वेळा सांगितली असेल. बावीस वर्षांचे होते, शेजारी टीमचा कॅप्टन, ज्याचे फोटो यांनी लहानपणी भिंतीला चिकटवलेले. कॉर्नर आला. समोरच्या टीमचा ज्या माणसावर यांनी नजर ठेवायची, तो यांच्या हातून निसटला. चेंडू जाळ्यात. कॅप्टनने सगळ्यांसमोर गोलकीपरला झापलं. गोलकीपरही नवा, तोही पोरगाच. दुसऱ्या दिवशी पेपरांनीही त्यालाच धरलं. "माझा माणूस होता. मला माहीत होतं, मी गप्प बसलो. कॅप्टनसमोर मी कोण? तो पोरगा परत कधी देशासाठी खेळला नाही." एवढं बोलून ते ताटातला भात काट्याने गोळा करत बसायचे. म्हणून आमच्या टीममध्ये त्यांचा एक नियम होता, जो मी दुसऱ्या कुठल्या टीममध्ये इतका कडक पाळलेला पाहिला नाही. गोल झाला की जिचा माणूस निसटला तिने लगेच हात वर करायचा. उंच, सगळ्यांना दिसेल असा. कुणी विचारायच्या आत. "गोलकीपर जाळ्यातून चेंडू काढायला वाकते ना, त्या क्षणी तिला वाटतं सगळं आपल्यामुळे झालं. तिला मान वर केल्यावर एक हात दिसला पाहिजे." मी तो हात पुष्कळदा वर केला आहे. पहिल्यांदा लाज वाटते. मग लाजेपेक्षा हलकं वाटायला लागतं.

शाळेच्या शेवटच्या वर्षी त्या गोष्टीत बदल व्हायला लागले. एकदा कॅप्टनच्या जागी त्यांच्या भावाचं नाव आलं. एकदा सामना आयर्लंडमधल्या डब्लिनऐवजी आमच्याच मैदानावर झाला. आम्ही हसलो, तेही हसले. मग सरावाला तीच कवायत संपवून पुन्हा तीच सुरू. केल्सीला त्यांनी दोनदा पॅट म्हटलं. मी रोज सरावाला त्यांच्या व्हॅनमधून जायची, पुढच्या सीटवर, कारण आई तेव्हा हायवेवर गाडी घालायला घाबरायची. ऑगस्टमधल्या एका दुपारी, ज्या रस्त्याने आम्ही तीन वर्षं जात होतो त्या रस्त्यावर त्यांनी व्हॅन बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून विचारलं, "बाळ, आपण कुठे चाललोय?" मी सांगितलं. डावीकडे वळायचं, मग चर्च, मग मैदान. त्यांनी किल्ली फिरवून इंजिन पुन्हा सुरू केलं. मग म्हणाले, "पॅटला सांगू नकोस. सीझन संपू दे. सीझन संपला की मी स्वतः डॉक्टरकडे जातो. शब्द दे." मी शब्द दिला.

मोठ्या माणसाने शब्द मागितला आणि मी दिला, त्यात काय चुकलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं आहे. ते खोटं आहे. खरं असं की शेजारच्या राज्यातल्या एका कॉलेजची कोच त्या सीझनला मला बघायला येणार होती, आणि ती काकांच्या शब्दावर येणार होती. माझ्यासारख्या, वडिलांच्या व्हिसावर राहणाऱ्या मुलीला शिष्यवृत्तीची बहुतेक दारं बंद असतात. एकविशी उलटली की तो व्हिसाही संपतो. हे एक दार किलकिलं होतं आणि ते काकांनी धरून ठेवलं होतं. त्यांचं बिंग फुटलं असतं तर टीम दुसऱ्याकडे गेली असती, आणि भट्टीवाल्या म्हाताऱ्याच्या शिफारशीला कुणी विचारलं नसतं. तेव्हा मी गप्प राहिले आणि कामाला लागले. पुढच्या सीटवरून हळूच सांगायचं, "कोच, इथे लेफ्ट." "कोच, सिग्नल लाल आहे." खेळाडूंची यादी मीच करायची आणि त्यांच्या हातात द्यायची. आम्ही दोघांनी ते इतकं छान निभावलं की कुणाच्या लक्षात आलं नाही. मला तर त्याचा थोडा अभिमानही होता.

ती कॉलेजची कोच ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी सकाळी आली. गवतावर दव होतं, आईने थर्मासमधून चहा आणला होता, बाबा सुट्टीच्या दिवशीही इस्त्रीचा शर्ट घालून उभे. मी तसा सामना आधी खेळले नव्हते आणि नंतरही नाही. जिंकल्यावर ती बाई माझ्याशी बोलायला थांबली, बाबांशी हात मिळवला, आईला माझ्या मार्कांबद्दल विचारलं. तेवढ्यात पार्किंगमधून काकांची व्हॅन निघाली. केल्सीचे वडील त्या दिवशी कामावर होते, म्हणून काका तिला घरी सोडणार होते. पुढच्या सीटवर, माझ्या सीटवर, केल्सी होती. काच खाली करून तिने मला हात केला आणि अंगठा दाखवला. मी बघितलं. मला कळलं. आज त्यांना लेफ्ट कुणी सांगणार नाही, हे मला त्या क्षणी अगदी स्वच्छ कळलं. व्हॅन माझ्यापासून इतकी जवळ होती की एक हाक पुरली असती. "केल्सी, उतर, आमच्याबरोबर चल." एवढंच. पण ती बाई माझ्या भविष्याबद्दल बोलत होती, आणि ओरडले असते तर का ओरडले ते सांगावं लागलं असतं. मी तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "सॉरी, काय म्हणालात?"

ते चर्चपाशी चुकीच्या रस्त्याला लागले. एका चौकात थांबायची पाटी होती तिथे थांबले नाहीत. डिलिव्हरीचा ट्रक केल्सीच्या बाजूने आदळला. तिचा गुडघा आणि कंबरेचं हाड. ती पुन्हा खेळली नाही. आजही जिना चढताना ती कठडा धरते. काकांना कपाळावर, त्या जुन्या वणाजवळच, खोक पडली. पोलिसाने विचारलं, कुठे निघाला होतात? त्यांना सांगता येईना. त्याने त्यांना दारू तपासायच्या नळीत फुंकायला लावलं, त्यात काही निघालं नाही. पण ते कोण लक्षात ठेवतं? बोलताना अडखळत होते, कुठे निघालो ते माहीत नव्हतं, आणि आयरिश होते. हिरव्या पाट्यांच्या त्या गावाला एवढं पुरेसं होतं.

मी ज्या प्रसंगासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं तो अपघाताचा नाही. तो दोन दिवसांनंतरच्या जेवणाचा आहे. आईने वरणभात केला होता, कुकरची शिट्टी झाली आणि भिंतीपलीकडून काही आवाज आला नाही. आम्ही तिघं बसलो. बाबा म्हणाले, "प्यायलेला असणार. ऑफिसात सगळे तेच म्हणतायत."

आई म्हणाली, "अहो, काहीतरीच काय! आपल्या घरी चहाशिवाय काही घेतलंय का त्यांनी कधी?"

"आपल्या घरी नाही घेत. बाहेरचं आपल्याला काय माहीत?"

"तुमच्यासमोर बिअर परत केली होती त्यांनी."

"तू त्यात पडू नकोस. पोरीचं हाड मोडलंय, उद्या कोर्टकचेरी होईल, आपला व्हिसा आहे. आपल्याला कुणी विचारायला आलं तर आपल्याला काही माहीत नाही. मीनल, तू रोज जायचीस त्याच्याबरोबर. तुला कधी वास आला?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. माझ्या हातात घास होता. नुसतं "नाही, ते विसरतात" एवढं म्हणायचं होतं. मग आईने विचारलं असतं, तुला कधीपासून माहीत? आणि तू बोलली का नाहीस? मी घास तोंडात घातला, चावला, आणि म्हणाले, "लक्ष नव्हतं माझं."

बाबांनी मान हलवली, जणू उत्तर मिळालं. आई मात्र माझ्याकडे बघत राहिली. ती पुढे आयुष्यात कधीच मला त्याबद्दल बोलली नाही, पण त्या रात्रीनंतर तिने माझ्या ताटात तूप वाढताना माझ्या तोंडाकडे बघणं सोडलं, असं मला वाटतं. कदाचित तेही माझंच मन असेल.

टीमच्या लोकांनी काकांना गोड शब्दांत घरी बसवलं. चार वाजताचा धप्‌धप् बंद झाला. मी दोन-तीनदा मागच्या दाराशी गेले, हातात आईने दिलेला डबा. काका दार उघडायचे, डबा घ्यायचे. एकदा त्यांनी विचारलं, "केल्सी कशी आहे?" मी म्हटलं, बरी आहे. त्यांनी केल्सीला पाठवलेलं कार्ड तिच्या वडिलांनी न उघडता परत पाठवलं होतं. काकांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं आता म्हणतील, तू सांग ना त्यांना. ते नाही म्हणाले. मी दिलेला शब्द मोडायला त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मी त्याचा फायदा घेतला. वसंतात कॉलेजचं पत्र आलं. आईने शिरा केला. पलीकडे द्यायला वाटी भरली, आणि मी म्हटलं, तूच देऊन ये.

कॉलेजात मी चार वर्षं खेळले. गोल झाला की हात वर करायची. इतर मुलींना त्याचं कौतुक वाटायचं. कोच म्हणाली, किती प्रामाणिक आहेस.

शिक्षण संपवून मी घरी आले तेव्हा आईबाबांनी जवळच स्वतःचं घर घेतलं होतं. आई आता हायवेवर गाडी पळवत होती. ती म्हणाली, "पॅटमावशीकडे जाऊन ये. ते आता ओळखत नाहीत कुणाला." तिचा स्वर अगदी साधा होता. मी गेले. स्वयंपाकघरात तोच टेबल. काका खिडकीपाशी खुर्चीत, मांडीवर शाल, हात शालीवर नीट ठेवलेले. माझ्याकडे त्यांनी पाहुण्यांकडे बघतात तसं हसून पाहिलं. पॅटमावशीने चहा ठेवला, आईकडून शिकलेला, आल्याचा. आणि मी तिला सगळं सांगितलं. ऑगस्टमधला रस्ता, दिलेला शब्द, कॉलेजची कोच, व्हॅन, केल्सीचा अंगठा. सांगताना मी रडले नाही. रडण्याचा हक्क नव्हता मला.

मला वाटलं होतं ती म्हणेल, मला माहीत होतं गं. सिनेमात म्हणतात तसं. ती म्हणाली, "मी गॅरेजमध्ये बाटल्या शोधल्या."

मला कळलं नाही.

"अख्खा हिवाळा. भट्टीच्या मागे, हत्यारांच्या पेटीत. तो झोपला की मी त्याच्या तोंडाचा वास घ्यायचे. तीस वर्षांचा संसार, आणि मी माझ्या नवऱ्याचं तोंड हुंगायचे. एकदा त्याने मला पाहिलं तसं करताना. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मला म्हणाला, पॅट, मी प्यायलो होतो का? तू मला खरं सांग. कारण मला आठवत नाही, आणि सगळे म्हणतायत." तिने कप बशीत ठेवला. "डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं, जन्मभर डोक्याने चेंडू मारल्याचा परिणाम म्हणाला, तोवर वर्ष उलटलं होतं. तेव्हा त्याला ते सांगून समजण्यापलीकडे तो गेला होता. त्याचा त्याच्यावरचाच विश्वास उडाला, मीनल. शपथ मोडली असं मनात धरून तो गेला आत, जिथे कुठे तो आता आहे तिथे."

मी सॉरी म्हणाले असेन. तिने ते ऐकलं नाही. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी घरातलीच आहे. त्यांना सांग. केल्सीच्या घरी अजून त्याचं नाव घेत नाहीत." मग तिने मला दारापर्यंत सोडलं, नेहमीसारखी मिठी मारली नाही, आणि आईसाठी स्ट्रॉबेरी जॅमची बरणी दिली.

मी केल्सीला सांगितलं नाही. त्या वर्षी नाही, काका गेले तेव्हा नाही, त्यानंतरही नाही. नोकरी लागली, ग्रीन कार्डची रांग आली, लग्न, मुलगा. प्रत्येक वेळी गप्प बसायला एक नवं कारण मिळत गेलं आणि ते प्रत्येक वेळी बाबांच्या आवाजात मिळालं, म्हणून ते माझं वाटलं नाही. आता मी चाळिशीत आहे. हे लिहायला घेतलं, अर्धं झालं, आणि एका दुपारी माझ्या लक्षात आलं की मी हे मराठीत लिहितेय. हे छापून येईल, सांगलीत वाचलं जाईल, पुण्यात वाचलं जाईल, लोक मला म्हणतील किती धीटपणे लिहिलंत. आणि डब्लिन, ओहायोमध्ये ज्यांनी हे वाचायला हवं त्यांतल्या एकालाही यातलं एक अक्षर कळणार नाही. म्हणजे पुन्हा तेच. मोठ्याने बोलल्यासारखं करायचं, पण पार्किंगमध्ये कुणाला ऐकू जाणार नाही इतकंच.

म्हणून हे प्रकरण पुरं करण्याआधी, गेल्या रविवारी सकाळी, मी केल्सीला फोन केला. मुलगा टेबलाशी पोहे खात होता, त्याच्या सॉकरला निघायचं होतं. मी उभ्याने बोलले, थांबले तर पुन्हा सुरू करता येणार नाही म्हणून न थांबता बोलले. ते प्यायले नव्हते. ते विसरत होते. मला माहीत होतं. मी तुला उतरवू शकले असते.

पलीकडे तिने एक दार लावून घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "माझे वडील मरेपर्यंत त्यांना शिव्या देत होते." आणि मग, "मीही."

"हो."

"वीस वर्षं, मीनल. मी त्या माणसाच्या अंत्ययात्रेला गेले नाही."

"हो."

"आणि तू मला हे आत्ता सांगतेयस."

पलीकडे कुणीतरी मुलगी "मॉम" म्हणून हाक मारत होती, केल्सी तिला थांब म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. मऊ नाही झाला. मैदानावर गोल झाल्यावर ती जाळ्यातून चेंडू काढून सरळ उभी राहायची आणि बचावातल्या आम्हा चौघींकडे बघायची, त्या वेळचा तो आवाज होता.

"कोचचा नियम आठवतो तुला?"

"आठवतो."

"मग? मला इथून दिसत नाहीये."

माझ्या एका हातात फोन होता. दुसरा मी वर केला. स्वयंपाकघरात, दिव्याखाली, खांद्यापासून सरळ. मुलाने पोह्यांतून मान वर काढली आणि विचारलं, "आई, हू आर यू वेव्हिंग ॲट?"

"वर आहे," मी केल्सीला म्हणाले.

"राहू दे तसाच थोडा वेळ," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला नाही.